मांडीवरचे मूल व शेजारचा उतारू

गेल्या मार्गशीर्षात आमची कन्या आपल्या पावणेदोन वर्षांच्या मुलास घेऊन अमेरिकेहून माहेरी आली. जावयांस रजा मिळाली नाही. तेव्हा न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंतचे चौदा-पंधरा तासांचे उड्डाण, तेथून मलकापुरापर्यंत रात्रीची आगगाडी आणि पुढे मोटारीने राजूरचा घाट चढून बुलढाणा, एवढा पल्ला तिने मुलासह गाठला. ती आल्याचे कळताच आळीतील मंडळी भेटीस आली आणि प्रत्येकाने प्रथम हाच प्रश्न केला की, "एकटीच आलीस?" पाचव्या की सहाव्या वेळी तो कानी पडला तेव्हा ती हसून म्हणाली, "एकटी असते तर झोपले नसते का?"

मंडळी हसली व विषय तेथेच संपला. परंतु त्या रात्री ते उत्तर आम्हांस वारंवार आठवू लागले. ज्या स्त्रीच्या मांडीवर एक हाडामांसाचा जीव आहे व जिच्या पुढेमागे तीनशे माणसे बसलेली आहेत, तिला आपण सर्व जण काहीही विचार न करता 'एकटी' म्हणतो. भाषेचे असे सहज प्रयोग पुष्कळदा आपल्या नीतिकल्पनांची चुगली करतात. मूल बरोबर असूनही सोबतीत धरले जात नाही, याचे कारण उघड आहे: सोबत म्हणजे नुसते दुसरे माणूस नव्हे, आपल्या भाराचा अर्धा वाटा उचलणारे माणूस. मूल भार वाढविते. म्हणून हिशेबातून ते गळते. इथवर ठीक. पण मग त्या तीनशे माणसांचे काय? ती तर सर्व धडधाकट, दोन दोन हातांची होती. त्यांनाही आपण हिशेबात धरीत नाही, आणि त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही, हे आम्हांस नवलाचे वाटते.

ज्यांनी हा प्रवास केला नाही त्यांस त्यातील अडचण नेमकी कोठे असते हे सांगितले पाहिजे. भय अपघाताचे नसते. दोन वर्षांखालील मुलास विमानात स्वतंत्र आसन मिळत नाही. परदेशच्या प्रवासात त्याचे भाडे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या सुमारे एक दशांश असते, आणि पारपत्र मात्र पुरते लागते. आईच्या कमरपट्ट्यात ओवलेल्या लहानशा पट्ट्याने त्यास तिच्या मांडीशी बांधतात. पुढच्या भिंतीस अडकविण्याचा पाळणा असतो खरा. पण त्यास वजनाची मर्यादा आहे, ती आमच्या नातवाने केव्हाच ओलांडली होती, आणि विमान हेलकावे खाऊ लागले की त्या पाळण्यातून निजलेले मूलही उचलून घ्यावे लागते. उंचावर विमानातील हवेचा दाब अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावर (१६४६ मीटर) असते त्याहूनही हवा विरळ. विमान उतरू लागले की दाब वाढतो. कानापासून घशाकडे जाणारी सूक्ष्म नळी उघडून तो सारखा करावा लागतो. मोठी माणसे आवंढा गिळून हे करतात. मुलास ते समजत नाही. ते रडते, आणि रडण्यानेही ती नळी उघडण्यास साहाय्य होते असे वैद्य सांगतात. ज्या आक्रोशाने आसपासची मंडळी कपाळास आठ्या घालतात, तो त्या जीवाने स्वतःच शोधलेला उपाय असतो.

तथापि हीही खरी अडचण नव्हे. खरी अडचण फार क्षुल्लक आहे व ती दोन हातांची आहे. जेवणाचे तबक पुढ्यात आले की मूल त्यात हात घालते. मूल निजले की आई हलू शकत नाही, व जागे असले की त्यास सोडू शकत नाही. प्रसाधनगृहाची जागा हातभर रुंद. तेथे मुलास घेऊन जावे कसे व ठेवून जावे कोणापाशी? आमच्या कन्येने सांगितले की सहा तास ती उठलीच नाही. शेजारी एक गृहस्थ होते. अत्यंत सभ्य. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, एकदाही वळून पाहिले नाही, एकदाही काही विचारले नाही. कानांवर श्रवणयंत्र चढवून ते आपल्या पडद्याकडे पाहात राहिले. शेवटी तिने सेविकेस हाक मारली. ती बिचारी आली, पण तिच्याही हातांत तबके होती.

आता त्याच प्रवासाचा उत्तरार्ध ऐका. मुंबईस रात्रीच्या गाडीत ती बसली. डब्यात नांदुऱ्याकडे निघालेल्या तीन-चार बायका होत्या. कल्याण येण्यापूर्वी त्यांनी तिला कोणत्या गावची, कोणाची लेक, लग्नास किती वर्षे झाली, नवरा का आला नाही, तिकडे पगार किती व ती इतकी वाळली का, हे सर्व विचारून घेतले. "लेकराले टोपडं नाही घातलं वो माय?" म्हणून एकीने तिची कानउघाडणी केली, दुसरीने आपल्या बोटाने काजळ काढून मुलास तीट लावली. कन्येस, ती आमचीच कन्या असल्यामुळे, हे सर्व फार असह्य झाले. आणि कसाऱ्याच्या पुढे केव्हा तरी मूल त्यांपैकी एकीच्या मांडीवर निजले, व कन्याही निजली, ती भुसावळापर्यंत जागी झाली नाही. दोन दिवसांतील तिची ती पहिली झोप.

या दोन चित्रांवरून पूर्व व पश्चिम, खेडे व शहर, असा सोपा निवाडा करण्याचा मोह कोणासही होईल. आम्हांस तो मान्य नाही. विमानातील ते गृहस्थ, तिच्या बोलण्यावरून, आपल्याच देशातील होते. कदाचित त्याच रात्री तेही कोणत्या तरी आगगाडीत बसून कोणा तरी बाईच्या ट्रंकेस हात लावीत असतील. माणूस तोच. बदलले ते एवढेच, की एका ठिकाणी चौकशी करणे रीतीचे समजले जाते व दुसऱ्या ठिकाणी न करणे रीतीचे समजले जाते.

ही चौकशीची गोष्ट आम्ही आजवर उलटी समजत होतो. इंग्रजी ग्रंथांवर ज्यांचे तारुण्य गेले त्या आमच्यासारख्यांनी पहिली गोष्ट आत्मसात केली ती ही, की दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींत नाक खुपसू नये. आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांस हेच शिकविले आणि त्यात अद्याप आम्हांस चूक दिसत नाही. चौकशीच्या नावाखाली आमच्या समाजात जात काढली जाते, विधवेस टोचले जाते, निपुत्रिकेस रडविले जाते, हे आम्ही पाहिले आहे. पण कन्येची हकीकत ऐकल्यावर असे वाटू लागले की, चौकशी हा साहाय्याचाच पूर्वार्ध आहे. ज्याने गाव विचारले त्यास पुढे "जरा मूल धरता का?" या विनंतीस नाही म्हणणे कठीण जाते, त्याने आपला पाय आधीच आत टाकलेला असतो. आम्ही सुधारलेल्या लोकांनी पूर्वार्ध असभ्य म्हणून टाकून दिला, आणि उत्तरार्ध का घडत नाही म्हणून हळहळत बसलो. न विचारले जाण्याचे सुख आपण विकत घेतले, ते बरे केले असेल. त्याची किंमत कोण भरते हे मात्र पाहिले नाही. ती किंमत सर्वांत अधिक तोच भरतो ज्याचे हात गुंतलेले आहेत.

लेकुरवाळीचा हा दूरचा प्रवास महाराष्ट्रास तसा नवा नाही. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ साली वारले. १८८३ साली त्या इंग्लंडास निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. त्या वेळी सोबतीस आनंदीबाई भगत तरी होत्या. पुढे १८८६ च्या आरंभी, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियास जाण्यास त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडला, तेव्हा मनोरमेस पाचवे वर्षही पुरे झाले नव्हते. स्वतः रमाबाई काही महिन्यांच्या असताना त्यांच्या आईबापांनी गंगामूळचे अरण्य सोडले होते, आणि त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाने डोक्यावरून डोंगर उतरविले होते. तो माणूस कोण होता हे आज कोणास ठाऊक नाही. आगबोटीचा प्रवास विमानाहून शतपट कष्टाचा होता यात शंका नाही. पण बोटीवर तीच तोंडे दिवसचे दिवस जेवणाच्या मेजावर भेटत, आणि दिवसांच्या सहवासात अनोळखी राहणे हेच अवघड असते. चौदा तासांत ते सहज साधते. वेगाने आपला वेळ वाचविला, आणि ओळख होण्यास जो वेळ लागतो तो नेमका त्यातच गेला.

या अनोळखीपणाचा परिणाम कोठवर जातो याची एक बातमी आम्ही वाचली होती. २०१९ साली सेऊलहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेल्या एका मातेने आपल्या चार महिन्यांच्या अर्भकाच्या वतीने दोनशेहून अधिक सहप्रवाशांस लहान लहान पुडक्या वाटल्या. प्रत्येकीत गोळ्या-चॉकलेटे होती, कानांत घालावयाचे बोळे होते, व मूल रडले तर क्षमा असावी अशी चिठ्ठी होती. जगभर त्या मातेची वाहवा झाली. तिच्या सौजन्यास आम्हीही नमस्कार करतो. परंतु ती वाहवा वाचून आम्ही अस्वस्थ झालो. अपराध घडण्यापूर्वीच क्षमा मागितली गेली, आणि तीही अशा कृत्याबद्दल की ज्यास अपराध म्हणता येत नाही. चार महिन्यांच्या मुलाचे रडणे हे पावसासारखे आहे. त्याचा त्रास होतो, पण त्याबद्दल कोणी कोणाचे देणे लागत नाही. त्या चिठ्ठीने मात्र दोनशे उतारू एका क्षणात सावकार झाले व ती बाई ऋणको झाली. त्यांपैकी एकाने तरी ती पुडी परत करून "मूल इकडे द्या, तुम्ही जरा पडा" असे म्हटले असेल अशी आम्ही आशा करतो. त्याच वर्षी जपानातील एका विमान कंपनीने, आसन निवडताना तान्ही मुले कोठे बसणार आहेत ते खुणेने दाखविण्यास आरंभ केला. पुष्कळांनी त्या सोयीचे स्वागत केले. शेजारी कोण आहे याची चौकशी येथेही आहे. फक्त ती त्याच्यापासून दूर बसण्यासाठी आहे.

येथवर लिहून आम्ही थांबलो होतो, कारण पुढील गोष्ट सांगावी की न सांगावी याचा निश्चय होत नव्हता. दहाएक वर्षांपूर्वी एका परिषदेहून आम्ही विमानाने परत येत होतो. शेजारच्या आसनावर एक तरुण स्त्री होती व तिच्या मांडीवर वर्षाच्या आतबाहेरचे मूल. मध्यरात्री केव्हा तरी ते जागे झाले. ती अवघडून उभी राहिली, इकडे तिकडे पाहिले आणि मग आमच्याकडे पाहिले. आम्हांस ते पाहणे कळले. आमच्या हातांत पुस्तक होते ते आम्ही छातीवर ठेवले व डोळे मिटले. झोप आलेली नव्हती. ती तशीच मुलास घेऊन मागे गेली. परत आली तेव्हा तिच्या पदरावर पाण्याचा मोठा ओघळ होता, एवढे आम्ही पापण्यांच्या फटीतून पाहिले.

हातातील पुस्तक नीतिशास्त्राचे होते, ही गोष्ट कोणास रचलेली वाटली तर आमचा इलाज नाही. तो आमचा व्यवसायच आहे. कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात अशा माणसाचे उदाहरण घेतले आहे की ज्याचे स्वतःचे सर्व यथास्थित चालले आहे, आणि इतरांचे हाल दिसत असूनही 'मला काय त्याचे' असे जो म्हणतो. असा नियम सर्वांचा व्हावा असे त्यास स्वतःस इच्छिता येणार नाही, कारण त्याच्यावरही साहाय्याची गरज पडण्याचा प्रसंग येईल, असे कांट म्हणतो. हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगितले आहे. परंतु हेही सांगितले आहे की, परोपकाराचे हे कर्तव्य शिथिल जातीचे आहे. कोणास, केव्हा व किती साहाय्य करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आता या शिथिलतेचा विमानात काय परिणाम होतो पाहा. तीनशे माणसांस तीनशे सवलती. प्रत्येकास वाटते की हे कर्तव्य आहे खरे, पण ते आज, येथे, माझेच आहे असे कोठे आहे? अमेरिकेतील डार्ली व लाताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोग करून दाखविले की, संकट पाहणारे जितके अधिक तितका एकेकाचा हात पुढे येण्याचा संभव कमी. आमच्या मते या शिथिल कर्तव्यास गाठ मारणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे आसनाचा क्रमांक. ज्याचे कोपर त्या मातेच्या कोपरास लागते, त्याची सवलत तेथे संपते. त्या रात्री आमचे कोपर तिच्या कोपरास लागत होते.

कोणी म्हणेल, तिने मूल घेऊन निघावेच का? तिचा तो खुशीचा सौदा. मग त्याचा भार परक्यांवर का? हा आक्षेप आम्ही एके काळी जोराने मांडला असता. आता मांडण्याची सोय राहिली नाही, कारण आमची कन्या निघाली ती स्वतःच्या हौसेने निघाली नव्हती. "नातू एकदा डोळ्यांनी पाहू दे" असा धोशा दोन वर्षे कोणी लावला होता? आम्ही व आमच्या सौभाग्यवतींनी. बुलढाण्याच्या ओसरीवर बसून आम्ही नातवाची इच्छा केली, आणि त्या इच्छेची हमाली एका तरुण स्त्रीच्या दोन हातांनी केली. मुलास तर कोणी विचारलेच नाही. तेव्हा खुशीचा सौदा म्हणावयाचा तर तो आमचा होता, व त्यात आम्ही घातलेले भांडवल शून्य. आमच्या जिल्ह्यात मातेच्या गौरवास कधीच तोटा नसतो. १२ जानेवारीस सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको. त्या गर्दीत आम्हीही अनेकदा व्याख्याने दिली आहेत. मातृत्व या विषयावर दीड तास बोलणे व शेजारणीचे मूल दहा मिनिटे धरणे यांत पहिले सोपे आहे, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

विमान उडण्यापूर्वी उतारूंस जी सूचना देतात तिच्याविषयी दोन शब्द लिहितो. दाब एकाएकी कमी झाल्यास वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतील. इतरांस साहाय्य करण्यापूर्वी आपला मुखवटा आपण प्रथम लावावा, असे त्यात सांगतात. ही सूचना आम्ही दर वर्षी वर्गात प्रश्न म्हणून घालतो. प्रथम विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, चमकतात: आईने आपले नाक आधी झाकावे व मुलाचे मागून? पण हिशेब सरळ आहे. पस्तीस हजार फुटांवर दाब गेला तर माणसास कामापुरती शुद्ध राहते ती अर्धा ते एक मिनिट. मुलाचा मुखवटा बसवितानाच आई बेशुद्ध झाली तर दोघेही गेली. तिने आपला आधी लावला तर ती मुलास वाचवू शकते. येथे स्वार्थ व परार्थ यांचा झगडा नाहीच. क्रमाचा प्रश्न आहे, व तो सुटलेला आहे. एवढे सांगून आम्ही दर वर्षी पुढच्या प्रकरणाकडे वळत असू. यंदा मात्र एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. त्या सूचनेत 'आपल्या मुलास' असे नसते; सामान्यतः 'इतरांस' असेच असते. ज्याचा मुखवटा लागला व हात मोकळे झाले, त्याच्यासाठी जवळ असलेला कोणीही त्या शब्दात येतो. आणखी असे की, पुष्कळ विमानांत आसनांच्या रांगेवर आसनांच्या संख्येहून एक मुखवटा अधिक ठेवलेला असतो. तो मांडीवरच्या मुलासाठी. म्हणजे ज्याने विमान बांधले त्या यंत्रज्ञाने मूल मोजले होते. भाड्याच्या कोष्टकाने ते एक दशांश मोजले. आळीतील मंडळींनी व शेजारच्या गृहस्थांनी मोजलेच नाही.

फाल्गुनात कन्या परत जाणार आहे. तोवर नातवास दोन वर्षे पूर्ण होतील, व त्यास स्वतःचे आसन मिळेल. त्याचे भाडे आम्ही देणार आहो, ती नको म्हणत असली तरी. मुंबईपर्यंत सोबत जाऊ, त्यापुढे आमचा उपाय नाही. सौभाग्यवतींनी मात्र आपला उपाय काढला आहे. त्यांनी डिंकाचे लाडू बांधावयास घेतले आहेत व कन्येस बजावले आहे की, "बसल्याबरोबर तूच विचार, कोणत्या गावचे म्हणून. मग लाडू दे." आम्ही म्हटले, ही तर सेऊलच्या बाईची पुडीच झाली. त्या म्हणाल्या, "तिने आधी दिले आणि बोलली नाही. ही आधी बोलेल." या भेदास शास्त्राचा आधार देता येईल की नाही ते आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. कन्या म्हणते, तिकडे असे कोणास गाव विचारीत नाहीत. तरी डबा भरून तयार आहे. सामानाचे वजन अधिक भरते म्हणून तिने काल त्यातून सहा लाडू काढून ठेवले, आणि सौभाग्यवतींनी आज सकाळी ते परत घातले.